उशिरा आलेला डॉक्टर

नीट-पीजीचा निकाल लागला की परळच्या मेडिकल हॉस्टेलांमध्ये एकच विषय चालतो : यादी. समुपदेशनाच्या फेरीसाठी कॉलेज आणि विषय यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या असतात, आणि हा क्रम बहुतेकांच्या डोक्यात आधीपासून ठरलेला असतो. वर रेडिओलॉजी, मेडिसिन, स्किन. मग पेडियाट्रिक्स, ऑर्थो. पुढे रँक घसरेल तशी तडजोड. एमडी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे या मुलांच्या तोंडचं पीएमआर, इतकं खाली असतं की पुष्कळांची यादी तिथवर पोचतच नाही. माझ्या भाचीने यंदा ते वर टाकायचं ठरवलं आहे, आणि तेही रँक बरी असताना. गिरगावातल्या तिच्या घरी त्यामुळे सध्या जेवताना कोणी फारसं बोलत नाही.

तिच्या आत्याने मात्र बोलून टाकलं. "हे फिजिओथेरपीच ना? मग एमबीबीएस कशाला केलंस?"

भाची हसली. मला हसू आलं नाही. मी जन्मभर संस्कृत शिकवलं, वैद्यकातलं मला कळत नाही. पण कोण आधी आलं आणि कोण नंतर, हे तपासायची खोड त्या धंद्यात लागते. मुंबईत ही विद्या ज्या क्रमाने रुजली तो क्रम पाहिला, तर आत्याबाईंचा प्रश्न बराचसा इतिहासाला धरून आहे. इथे डॉक्टर शेवटी आला.

सगळ्यांच्या आधी आली ती एक आई. फातेमा इस्माइल स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. जीव वाचला, पण लुळ्या पडलेल्या पायाचं पुढे काय करायचं, हे सांगणारी एकही जागा त्या वेळच्या मुंबईत नव्हती. मुलीला घेऊन त्या मद्रासपर्यंत गेल्या, उपचार कसे करतात ते पाहून शिकल्या, आणि मग बाकीच्या मुलांचं काय, हा प्रश्न घेऊन परतल्या. १९४७ साली, शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बालिगांच्या मदतीने, चौपाटीला अशा मुलांसाठी दवाखाना सुरू झाला. हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल त्याच कामातून पुढे उभं राहिलं.

त्यानंतर आल्या कमलाबाई निंबकर. मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. संसार, मुलं, बाकीची कामं सांभाळून मधल्या वयात पुन्हा अमेरिकेला गेल्या, ऑक्युपेशनल थेरपी रीतसर शिकल्या, आणि १९५० साली परळला के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. मराठी वाचकाला निंबकर हे नाव जाई निंबकरांच्या पुस्तकांमुळे, त्यांच्या आई इरावती कर्वे यांच्यामुळे किंवा फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे ठाऊक असतं. त्या बालभवनाच्या नावातल्या बाईंनी परळमध्ये काय केलं, ते सहसा ठाऊक नसतं. लुळ्या हाताला पुन्हा घास उचलायला शिकवणं हा अभ्यासक्रमाचा, परीक्षेचा, पदवीचा विषय आहे, हे या शहराला त्यांनी दाखवलं. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच के.ई.एम.मध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. तीही देशातली पहिली. आणि त्यानंतर १९५५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या साहाय्याने, महालक्ष्मीला रेसकोर्सजवळ केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था उघडली. मुंबईत तिला कोणी एवढ्या लांब नावाने ओळखत नाही. 'हाजी अली' म्हटलं की पुरतं.

आई, शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, आणि मग एमडी. घर बांधून, चूल पेटवून झाल्यावर आलेला हा कर्ता पुरुष आहे.

सगळीकडे असंच झालं असा दावा मी करणार नाही. इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान या नाझींपासून निसटलेल्या न्यूरोसर्जनने १९४४ साली स्टोक मँडेव्हिलला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला, तेव्हा सूत्रं पहिल्या दिवसापासून त्याच्याच हातात होती. तोवर असे रुग्ण पाठीवरच्या जखमा चिघळून किंवा लघवीचा संसर्ग होऊन एक-दोन वर्षांत मरायचे, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे. गुटमानने ते बदललं. पण कशाने? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलून, आणि ती बदलली की नाही हे रात्री-अपरात्री स्वतः वॉर्डात जाऊन बघून. न्यूरोसर्जनने करायचं काम ते नव्हे, असं त्याच्या बरोबरीचे म्हणत असतील तर नवल नाही.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांत मुख्य कोण, याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. माती, दांडा, चाक आणि दोरा सगळं हजर असलं तरी कुंभाराशिवाय मडकं होत नाही. तसे वैद्याशिवाय बाकीचे तीन पाद व्यर्थ. सूत्रस्थानातला हा दृष्टान्त मी वर्गात कितीदा तरी शिकवला असेन, आणि अपेंडिक्स काढताना तो अजूनही लागू पडतो. पण पक्षाघात होऊन महिना उलटलेल्या माणसाचं काय? आता औषध थोडंच उरलं आहे. हात रोज शेकडो वेळा उचलायचा आहे, तो त्याचा त्यानेच. तो कसा उचलायचा हे थेरपिस्ट दाखवणार, उचलला का हे घरची सून बघणार. चाकावर बसलेला कुंभार आता रोगीच आहे. वैद्याकडे फार तर दांडा उरला. पीएमआर निवडणाऱ्या मुलीने निवडलेली जागा ही आहे. नसांचा आलेख काढणं, ताठरलेल्या स्नायूत नेमक्या ठिकाणी बोट्युलिनमची सुई देणं, लघवीची पिशवी, दुखणं, जखमा यांवर नजर ठेवणं, ही डॉक्टरचीच कामं, आणि ती कठीण आहेत. पण गाडा त्यांच्यावर चालत नाही.

म्हणून कुठला विभाग चांगला, हे ओळखायची माझी कसोटी भाचीच्या सीनियर मंडळींपेक्षा वेगळी आहे. ते खाटांची संख्या विचारतात, स्टायपेंड, बॉन्ड, प्रोफेसरांचा स्वभाव विचारतात. विचारावंच. मी तिला म्हटलं, आठवड्याच्या बैठकीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट बोलतात की नुसत्या वहीत लिहून घेतात, एवढं बघून ये.

का, ते जिन्यावरून सांगतो. १९६५ साली अमेरिकेत एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. जगभरच्या पुनर्वसन विभागांत ती आजही वापरतात. तिच्या दोन कर्त्यांपैकी फ्लॉरेन्स महोनी डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल फिजिओथेरपिस्ट. मोजपट्टीला नाव राहिलं ते बार्थेलचं. शंभर गुण : जेवण्याला दहा, आंघोळीला पाच, खाटेवरून खुर्चीत येण्याला पंधरा, संडासला जाण्याला दहा, जिना चढण्या-उतरण्याला दहा. हॉस्पिटलच्या व्यायामशाळेत चार-पाच पायऱ्यांचा लाकडी जिना ठेवलेला असतो, दोन्ही बाजूंना कठडा. त्यावर रुग्ण चढला, उतरला, दहा गुण मिळाले.

आता तो रुग्ण गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो असं धरा. जिना उभा, दिवसाही अंधारा, कठडा एकाच बाजूला. त्याची डावी बाजू गेलेली आहे. चढताना कठडा उजव्या हाताला येतो, म्हणून धाप टाकत का होईना तो वर पोचतो. उतरताना तोच कठडा डाव्या हाताला जातो, आणि डावा हात तर धरू शकत नाही. माणूस वर गेला तो गेला. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांवर अशी किती तरी माणसं वर्षानुवर्षं राहून गेली आहेत. कागदावर त्यांना जिन्याचे पूर्ण गुण असतील. यावरचा उपाय कुठल्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही. पाठमोरं उतरायचं, चढताना धरला होता तोच कठडा त्याच हाताने धरून. मला हे भाचीने सांगितलं, आणि तिला इंटर्नशिपमध्ये एका थेरपिस्ट बाईंनी.

संडासच्या दहा गुणांचंही तेच. मोजपट्टी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरातलं, बसायचं कमोड होतं. गॅलरीच्या टोकाला असलेले, मजल्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांत मिळून तीन-चार संडास, त्यात उकिडवं बसणं, डबा एका हातात, कडी दुसऱ्या हाताने, हे तिच्यात कुठे बसवायचं? मणक्याला इजा झालेल्या माणसाने दिवसातून चार-सहा वेळा स्वतःच नळी घालून लघवी काढावी, ही पद्धत अमेरिकेत लॅपिडीस यांनी १९७२ साली मांडली, आणि तिने असंख्य मूत्रपिंडं वाचवली. तिला निर्जंतुक खोली लागत नाही. स्वच्छ पाणी, धुतलेले हात आणि थोडा आडोसा पुरतो. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सात माणसं राहतात आणि पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे या तिन्हींतली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. नळी लिहून देणारा डॉक्टर आणि आडोसा कुठे मिळेल हे विचारणारा डॉक्टर यांच्या पदव्या एकच असतात.

ऋग्वेदात विश्पलेची कथा येते. पहिल्या मंडलात अश्विनीकुमारांची स्तुती आहे. झुंजीत विश्पलेचा पाय तुटला तेव्हा त्यांनी रातोरात तिला लोखंडाचा पाय बसवला, पुन्हा धावण्यासाठी. कृत्रिम पायाच्या इतिहासात या ऋचेचा उल्लेख हटकून येतो. (विश्पला ही बाई नसून शर्यतीची घोडी होती असं पिशेल या जर्मन पंडिताचं मत. देशातली या विषयाची संस्था नेमकी रेसकोर्सच्या शेजारी निघाली, हे त्याला आवडलं असतं.) मला त्या ऋचेत खटकतो तो 'सद्यः' हा शब्द : लगेच. देवांच्या वैद्यांनाच ते शोभतं. माणसांत पाय तुटल्यावर उरलेला भाग महिनोन् महिने आकसत जातो. पट्ट्या बांधून त्याला आकार द्यावा लागतो, मग साचा, मग कच्चा पाय, मग घासून पडलेल्या जखमा, मग दुरुस्ती. विश्पलेच्या पायाला फोड आला का, तिला आडव्या दांड्यांच्या मधून कोणी चालवलं, हे ऋषी सांगत नाही. २०२० साली परळच्या एका खासगी रुग्णालयात, रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या मुंबईच्या एका तरुणीला चेन्नईहून विमानाने आणलेले हात बसवले गेले, तेव्हाही वर्तमानपत्रांनी शस्त्रक्रियेचे तास मोजून छापले. त्या हातांना बोटं मिटायला शिकवण्याचे पुढचे महिने बातमीत मावत नाहीत. ऋग्वेदापासून पत्रकारितेत फारसा फरक पडलेला नाही.

जयपूर फूटची गोष्ट याच अंगाने वाचावी. साठीच्या दशकात तिकडचा परदेशी धर्तीचा पाय बुटात घालूनच चालायचा. उकिडवं बसता येईना, शेतात-देवळात अनवाणी जाता येईना, म्हणून लोक तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घ्यायचे. डॉ. प्रमोद करण सेठींना हे दिसत होतं. रबरात ते सोडवलं रामचंद्र शर्मा या कारागिराने. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. त्यात सेठींचा दोष नाही. पण पुरस्कार देणाऱ्यांनीही कुंभार कोण ते चरकाच्याच हिशेबाने ठरवलं.

या शाखेचं एक काम मात्र असं आहे की तिथे लेखणी फक्त डॉक्टरच्या हातात असते, आणि ते शिकवण्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं : टक्केवारी. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, आणि बहुतेक सवलतींना उंबरठा ठेवला चाळीस टक्क्यांचा. प्रमाणपत्राच्या ओपीडीत रेसिडेंटची सकाळच्या सकाळ जाते. आदल्या दिवशीपर्यंत ज्याचं अपंगत्व कमी व्हावं म्हणून विभाग झटत होता, तोच माणूस टेबलापलीकडे बसून अडतीसचे बेचाळीस करा म्हणतो. लबाडी म्हणून नव्हे. त्या चार टक्क्यांवर रेल्वेचा पास, पेन्शन, मुलाची नोकरी टांगलेली असते. नीट देणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांची तपासणी होते त्या केंद्रांतही हाजी अली आहे. म्हणजे डॉक्टर व्हायला तुझं शरीर पुरेसं आहे का, हेही तिथेच ठरतं.

टक्केवारीची मला जुनी ओळख आहे. आमचे वडील, भाचीचे आजोबा, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला परिशिष्ट होतं. त्यात अंगठ्याला तीस टक्के, पूर्ण तर्जनीला चौदा, तर्जनीच्या दोन पेरांना अकरा. अकरा टक्क्यांची भरपाई मिळाली, हिशेब चोख होता. पण तुटलेल्या धाग्याला चालत्या साच्यावर गाठ मारायची ती तर्जनी आणि अंगठ्यानेच, आणि गाठ मारता न येणारा साचेवाला म्हणजे शंभर टक्के बेकार. त्यांना गोदामात टाकलं. पुढे मधल्या बोटाने गाठ मारायला ते घरी बसून स्वतःच शिकले, आईच्या शिवणाच्या रिळावर. कोणी शिकवलं नाही, कारण शिकवणारं कोणी असतं हेच ठाऊक नव्हतं. हे सगळं कमलाबाईंच्या शाळेपासून चालत पाऊण तासाच्या आत घडत होतं, आणि ती शाळा तेव्हा चांगली चालू होती.

आता निवडीकडे. मुलीच्या यादीत वर दोन नावं आहेत, हाजी अली आणि वेल्लोर. मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयातला पीएमआर विभाग हा तिसरा पर्याय. त्याचा फायदा असा की पक्षाघाताचा किंवा अपघाताचा रुग्ण तिसऱ्या दिवशीच दिसतो, सांधे आखडायच्या आत. तोटा असा की खाट हवी असते सर्जरीला, आणि रुग्ण उभा राहण्याआधी घरी जातो. हाजी अलीचं उलट आहे. संस्था याच कामासाठी, कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आवारातच, थेरपीच्या शाखा शेजारी-शेजारी. पण रुग्ण येतो तो दुसरीकडून, पुष्कळदा उशिरा, कधी जखमा घेऊनच. वेल्लोरला दोन्ही आहे : गावात मोठं हॉस्पिटल आणि बागायमला वेगळी पुनर्वसन संस्था, जिथे घरचं माणूस सोबत राहून सगळं शिकतं. ती मेरी वर्गीज यांनी घडवली. १९५४ च्या मोटार अपघातात त्यांचे पाय लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे ही विद्या शिकल्या आणि परतून विभाग सांभाळला. या शाखेत डॉक्टर उशिरा येतो हे मी वर म्हटलं. मेरी वर्गीज त्याला अपवाद, कारण त्या रोग्याच्या दाराने आत आल्या.

धंद्याच्या दृष्टीने शाखा बेभरवशाची आहे, हे भाचीला ठाऊक आहे. ज्या पोलिओने ती इथे जन्माला घातली, त्याचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडला. काम त्यामुळे कमी झालं नाही. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि हात-पाय गमावून जी वाचतात ती त्या आकड्यात नसतात. तरीही २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नव्या मेडिकल कॉलेजांसाठी निकष काढले तेव्हा अनिवार्य विभागांच्या यादीतून पीएमआर वगळलं. विभाग नाही म्हणजे शिकवायच्या जागा नाहीत. आत्याबाईंनी हेही वाचलं आहे. कात्रण काढून ठेवलं आहे.

पहिलं नाव कुठलं, यावर घरात एकमत नाही. माझा कल वेल्लोरकडे होता. तिच्या आईचं म्हणणं हाजी अली, आणि कारण काय, तर डबा पोचेल. मी ते आधी हसण्यावारी नेलं. पण या शाखेतले प्रश्न कसले असतात ते पाहा : संडासला कोण नेतं, अंथरूण रात्री ओलं होतं का, नवरा जवळ येतो का, सासू हात लावते का. हे दुभाष्याला मध्ये बसवून विचारता येत नाहीत. बागायमला ती तीन वर्षांत कामापुरतं तमिळ शिकेल, बंगालहून येणाऱ्यांसाठी थोडं बंगालीही. पण कणकवलीहून मुलाच्या घरी आणलेल्या, अर्धं अंग गेलेल्या बाईला हे विचारायचे कोणते शब्द आणि कोणते टाळायचे, हे तिला आजच येतं. डब्यामुळे का होईना, आईचं मत मला आता पटू लागलं आहे. यादी भरायची मुदत परवा संपते, आणि उद्या भाची हाजी अलीच्या कार्यशाळेत जाऊन बसणार आहे. प्रोफेसरांची वेळ तिने मागितलेली नाही.